दातातल्या सिमेंटवरचे डाग: पॉलिशने काय साधते आणि काय साधत नाही

पुढच्या दाताच्या कोपऱ्यात भरलेले सिमेंट वर्ष-दोन वर्षांत पिवळसर किंवा तपकिरी दिसू लागले, की बहुतेक जण चहाला दोष देतात आणि दाताच्या डॉक्टरांना "हे काढून नवीन भरा" असे सांगतात. चहाचा त्यात वाटा असतोच. परंतु तोच चहा शेजारच्या नैसर्गिक दातावरूनही जात असतो आणि तिथे तितका डाग धरत नाही. एकाच माणसाच्या तोंडात एकाच महिन्यात भरलेली दोन सिमेंटेही पुष्कळदा वेगवेगळी रंगतात, आणि त्यामागे खाण्यापिण्यापेक्षा सिमेंटच्या पृष्ठभागाची घडण अधिक कारणीभूत असते. म्हणून सिमेंट उकरून काढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी डाग पृष्ठभागावर आहे, कडेच्या फटीत आहे की सिमेंटच्या अंगातच आहे, हे पाहावे. पहिल्या प्रकारात पाच-दहा मिनिटांचे पॉलिश पुरते, दुसऱ्यात कधी पुरते आणि कधी नाही, तिसऱ्यात मात्र पॉलिशचा उपयोग होत नाही.

आपण ज्याला सहजपणे "दाताच्या रंगाचे सिमेंट" म्हणतो, ते आज बहुतेक वेळा कॉम्पोझिट असते, आणि पुढचे विवेचन मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

मोझॅकची फरशी आणि दातातले सिमेंट

जुन्या घरांतली मोझॅकची फरशी ज्यांनी घातली जाताना पाहिली आहे, त्यांना कॉम्पोझिट समजणे सोपे जाईल. मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे सिमेंटच्या लगद्यात बसवलेले असतात, आणि फरशी सुकल्यावर तिच्यावर घासाईचे यंत्र फिरवतात. आधी भरड दगड, मग मध्यम, मग बारीक, आणि प्रत्येक वेळी पाणी सोडून मधला चिखल धुऊन काढतात. कॉम्पोझिटमध्ये संगमरवराच्या जागी काचेचे किंवा सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि लगद्याच्या जागी कृत्रिम राळ असते. अमेरिकी संशोधक राफेल बोवेन यांना १९६२ मध्ये ज्या राळेचे पेटंट मिळाले, तिच्यावर किंवा तिच्यासारख्या राळांवरच आजची बहुतेक कॉम्पोझिट आधारलेली आहेत.

कण कठीण असतात, राळ मऊ असते, आणि पॉलिशचा सगळा प्रश्न या विषमतेतून निर्माण होतो. घासणारा पदार्थ पुरेसा कठीण नसेल, तर तो कणांना न कापता त्यांच्या आजूबाजूची राळ तेवढी खरवडून काढतो. मग कण उघडे पडतात, काही निखळून जातात आणि त्यांच्या जागी खड्डे राहतात. म्हणूनच पॉलिशच्या डिस्कवर ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा हिरा वापरतात. हे दोन्ही पदार्थ काचेपेक्षा कितीतरी कठीण असल्यामुळे कण आणि राळ एकाच पातळीवर कापली जाते.

कणांचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे. सुरुवातीच्या काळातल्या कॉम्पोझिटमध्ये कण दहा-वीस मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही मोठे असत, आणि त्यामुळे त्यांच्यावर कितीही मेहनत घेतली तरी चकाकी टिकत नसे. पुढे ०.०४ मायक्रॉनच्या आसपासचे कण असलेली मायक्रोफिल जातीची कॉम्पोझिट आली, त्यानंतर सरासरी एक मायक्रॉनहून लहान कणांची मायक्रोहायब्रिड आली आणि या शतकाच्या सुरुवातीपासून नॅनो कणांची आली. दाढेत चावण्याचा जोर सोसण्यासाठी घेतलेले साहित्य आणि पुढच्या दाताच्या चकाकीसाठी घेतलेले साहित्य एकच असेल असे नाही. त्यामुळे दाढेतल्या भरावाने पुढच्या दातासारखे चमकावे अशी अपेक्षा करू नये.

गुळगुळीतपणा मोजण्यासाठी पृष्ठभागावरच्या उंचसखलपणाची सरासरी मायक्रॉनमध्ये घेतात. ही सरासरी ०.२ मायक्रॉनच्या खाली गेली, की पृष्ठभाग आणखी गुळगुळीत केल्याने जंतूंचे कीटण साचण्यात लक्षणीय घट होत नाही, असे सामान्यतः मानले जाते; त्याच्या वर मात्र जसजसा खरखरीतपणा वाढतो, तसतसे कीटण अधिक साचते आणि कीटणाबरोबर रंगही धरला जातो. जिभेच्या टोकाला अर्ध्या मायक्रॉनहून कमी फरकही जाणवतो, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो हे लक्षात घेतले, तर जीभ किती बारीक परीक्षक आहे याची कल्पना येते. "जीभ लागते" ही रुग्णाची तक्रार म्हणूनच हसण्यावारी नेण्याची नाही.

काचेसारखा गुळगुळीत, तरी डाग धरणारा

येथे एक विरोधाभास आहे, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय पॉलिशचे महत्त्व कळत नाही. कॉम्पोझिट मऊ असताना त्याच्यावर मायलर या प्लास्टिकची पातळ पारदर्शक पट्टी दाबून धरली आणि निळ्या प्रकाशाने ते कडक केले, तर मिळणारा पृष्ठभाग कोणत्याही डिस्कने मिळणाऱ्या पृष्ठभागाहून गुळगुळीत असतो. मग तो तसाच का ठेवू नये? कारण पट्टीखाली सर्वांत वर जो थर येतो, त्यात राळेचे प्रमाण जास्त आणि कणांचे कमी असते. राळच पाणी शोषते, राळच रंग शोषते आणि ब्रशने राळच लवकर झिजते; म्हणून हा काचेसारखा दिसणारा थर खालच्या थरापेक्षा मऊ असतो आणि अधिक सहज रंगतो.

पट्टी न लावता उघड्यावर कडक केलेल्या कॉम्पोझिटची अवस्था याहून वाईट असते. हवेतला प्राणवायू वरच्या थरातली रासायनिक प्रक्रिया रोखून धरतो, त्यामुळे अगदी वरचा काही मायक्रॉनांचा थर चिकट आणि अर्धवट कच्चा राहतो. थरावर थर चढवताना हा चिकटपणा उपयोगी पडतो, परंतु शेवटच्या थरावर तो राहिला तर चहा-कॉफी-हळद यांना जणू दार उघडे ठेवल्यासारखे होते. म्हणून काही डॉक्टर शेवटच्या थरावर ग्लिसरीनचे जेल लावून, प्राणवायूचा संपर्क तोडून पुन्हा एकदा प्रकाश देतात. ही सवय चांगली आहे. पण तिच्यामुळे पॉलिश टाळता येत नाही.

थोडक्यात, पॉलिशचे पहिले काम वरचा दुबळा थर काढून टाकून खालचा कणांनी भरलेला घट्ट थर वर आणणे हे आहे, आणि चकाकी त्यानंतर येते.

याला एक मर्यादाही आहे. सिमेंट आतपर्यंत नीट कडक झालेलेच नसेल, तर वरून कितीही घासले तरी प्रत्येक वेळी खाली तसाच मऊ थर सापडतो. साधारण दोन मिलिमीटरहून जाड थर एकदम भरणे, प्रकाशाचे टोक दातापासून दूर धरणे किंवा प्रकाश देणारे यंत्र जुने होऊन त्याची तीव्रता कमी होणे, ही याची नेहमीची कारणे आहेत. जाड थरासाठी मुद्दाम बनवलेल्या बल्क-फिल जातीच्या कॉम्पोझिटला चार मिलिमीटरपर्यंतची मुभा असते, इतरांना नसते.

आरशासमोर काय पाहावे

दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ उभे राहावे, दात ब्रशने स्वच्छ करून ओठ बाजूला धरावा आणि रंग नेमका कुठे आहे ते पाहावे. बाथरूममधल्या पिवळ्या दिव्याखाली केलेली पाहणी फसवी ठरते.

सिमेंटच्या संपूर्ण पृष्ठभागावर धुरकट तपकिरी पापुद्रा दिसत असेल, जिभेला तो खरखरीत लागत असेल आणि दात स्वच्छ करून घेतल्यावर काही दिवस तो कमी होत असेल, तर तो बाह्य डाग आहे आणि पॉलिशने जाण्याची शक्यता चांगली आहे. चहाचा डाग बहुधा याच जातीचा असतो. चहातली रंगद्रव्ये मुख्यतः पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि बरीचशी घासून निघतात. कॉफीतली काही रंगद्रव्ये मात्र राळेत आत शिरतात, त्यामुळे कॉफीचा डाग चहाच्या डागाइतका सहज जात नाही. हळदीचा पिवळेपणा तर राळेला विशेष मानवतो. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात वाळवल्यावर फिका पडतो, कारण हळदीचे रंगद्रव्य प्रकाशाने तुटते. तोंडात ऊन पडत नसल्यामुळे ही सोय दाताला मिळत नाही.

सिमेंट आणि दात यांच्या सांध्यावर केसाएवढी तपकिरी रेघ दिसत असेल, तर तिचे दोन अर्थ होऊ शकतात. पुष्कळदा भरताना सिमेंटचा पातळ पापुद्रा खड्ड्याच्या कडेबाहेर दातावर पसरलेला असतो, त्याच्या काठाखाली रंग अडकतो, आणि तो पापुद्रा बारीक डिस्कने काढून टाकला की रेघ नाहीशी होते. दुसऱ्या शक्यतेत कड खरोखर सुटलेली असते आणि आत फट असते. हा फरक घरी कळत नाही; त्यासाठी डॉक्टरांनी कड वाळवून, भिंगाखाली आणि गरज वाटल्यास एक्स-रे घेऊन पाहावे लागते. पण केवळ रेघ रंगली म्हणून खाली कीड लागलीच आहे असे समजून संपूर्ण सिमेंट काढणे चूक आहे, कारण प्रत्येक वेळी जुने सिमेंट उकरताना थोडा तरी निरोगी दात जातो आणि खड्डा मोठा होतो. फक्त सुटलेली कड उघडून तेवढाच भाग भरून पॉलिश करता येत असेल, तर तो मार्ग अधिक शहाणपणाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिमेंट वरून चकचकीत आहे, कडाही घट्ट आहेत, पण सगळेच शेजारच्या दातापेक्षा पिवळे किंवा गडद दिसते, असे असेल तर रंग आतला आहे. राळेतल्या घटकांचे वर्षानुवर्षे होणारे रासायनिक बदल, शोषलेले पाणी आणि अर्धवट कडक झालेला आतला भाग यांतून तो येतो. अशा वेळी वरचा अर्धा-एक मिलिमीटर थर काढून त्या जागी नवा थर चढवता येतो किंवा सिमेंट पूर्ण बदलावे लागते.

खुर्चीत बसल्यावर

पॉलिशमध्ये तीन कामे एकापाठोपाठ येतात. आधी आकार आणि कडा नीट करणे, मग ओरखडे बारीक करत नेणे आणि शेवटी चकाकी आणणे. घाईच्या दवाखान्यात पहिल्या कामानंतर एकदम तिसऱ्यावर उडी मारली जाते, आणि डाग धरणाऱ्या सिमेंटचा उगम बहुतेक वेळा याच उडीत सापडतो.

आकार देण्यासाठी बारीक हिऱ्याचे बर (दाताच्या यंत्राला लावायचे, वेगाने फिरणारे कापणारे टोक) किंवा अनेक धारांचे टंगस्टन कार्बाइडचे बर वापरतात. हिऱ्याच्या बरावरच्या रंगीत पट्टीवरून त्याचा भरडपणा कळतो. लाल पट्टी म्हणजे बारीक, पिवळी म्हणजे त्याहून बारीक आणि पांढरी म्हणजे सर्वांत बारीक. लाल पट्टीच्या बराने काम संपवून थेट पेस्ट लावली, तर पेस्ट ओरखड्यांचे माथे तेवढे चमकवते आणि खाचा तशाच राहतात. उजेडात दात चमकतो, रुग्ण खूश होऊन घरी जातो, आणि सहा महिन्यांनी त्या खाचांत चहा उतरलेला दिसतो.

त्यानंतर ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या लवचीक डिस्क येतात. नेहमीच्या संचात भरड, मध्यम, बारीक आणि अतिबारीक अशा चार असतात, आणि अतिबारीक डिस्कवरचे कण साधारण आठ मायक्रॉनचे असतात. प्रत्येक डिस्कचे काम आधीच्या डिस्कने पाडलेले ओरखडे पुसण्याचे असल्यामुळे मधली एक गाळली तर पुढचीला ते काम पेलत नाही. सुताराने ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरनंतर एकदम चारशेचा घेतला तर फळीचे जे होते, तेच येथे होते. दोन डिस्कच्या मध्ये दात पाण्याने धुऊन पुसणेही तितकेच आवश्यक आहे, कारण भरड डिस्कचा एखादा सुटा कण बारीक डिस्कखाली सापडला तर तो पुन्हा खोल चर पाडतो. मोझॅकवरचा चिखल मध्ये मध्ये धुतात, तो याच कारणासाठी.

हात हलका असावा, डिस्क एका जागी थांबू नये, शक्यतो ती सिमेंटवरून दाताकडे किंवा कडेला समांतर फिरावी. जोराने दाबल्याने काम लवकर होत नाही. उष्णता निर्माण होते, राळ मऊ होऊन लिंपल्यासारखी पसरते, आणि कडेवर ताण येऊन दात व सिमेंट यांच्यामध्ये बारीक पांढरी रेघ उमटते. आजची पांढरी रेघ ही पुष्कळदा उद्याची तपकिरी रेघ असते. दाताच्या उतारावर, दाढेच्या खाचांमध्ये आणि जिभेकडच्या खोलगट भागात डिस्क पोहोचत नाही. तिथे हिऱ्याचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवलेले रबराचे पॉइंट आणि ब्रश वापरतात. शेवटी एक मायक्रॉनच्या आसपासच्या कणांची हिऱ्याची किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची पेस्ट नमद्याच्या चाकावर घेऊन चकाकी आणतात.

दोन दातांच्या मधली बाजू ही पॉलिशची सर्वांत दुबळी जागा आहे. तिथे अपघर्षक पट्टी ओढण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही, आणि पट्टी जोरात ओढली तर दोन दातांचा स्पर्शच सुटून तिथे अन्न अडकू लागते. म्हणून त्या बाजूचा गुळगुळीतपणा भरतानाच, मॅट्रिक्सची पट्टी (सिमेंटला आकार देण्यासाठी दाताभोवती साच्यासारखी बसवायची पातळ पट्टी) आणि पाचर नीट बसवून मिळवावा लागतो. नंतर घासून तो आणू असे म्हणणे व्यर्थ आहे.

रुग्णाने स्वतः लक्ष ठेवावे अशी एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. सगळे झाल्यावर डॉक्टर निळा किंवा लाल कागद चावायला देतात आणि जिथे ठसा जास्त उमटतो तो उंचवटा घासतात. हे घासणे बराने होते आणि काम संपत आलेले असल्यामुळे ती जागा पुष्कळदा तशीच खरखरीत राहून जाते. चावा तपासून झाल्यावर जीभ फिरवून पाहावी, आणि खरखर लागली तर "एवढ्या जागेवर पुन्हा पॉलिश कराल का?" असे निःसंकोच विचारावे.

पॉलिश त्याच बैठकीत करावे की दुसऱ्या दिवशी, याविषयी दोन्ही पद्धती चालतात. प्रकाश बंद केल्यानंतरही कॉम्पोझिटमधली प्रक्रिया संथपणे सुमारे चोवीस तास चालू राहते आणि तोवर ते किंचित मऊ असते. दाढेसाठी दुसरी फेरी मारायला लावणे मला अवास्तव वाटते. पुढच्या दातांत मात्र आकार आणि कडा त्याच दिवशी करून शेवटची चकाकी काही दिवसांनी आणणे फायद्याचे ठरते, कारण कामाच्या वेळी सुकलेला दात तोवर ओलावा परत घेतो आणि रंग जुळला आहे की नाही हेही तेव्हाच खरे कळते. काम संपल्याबरोबर आरशात दात खडूसारखा पांढरा दिसला तर घाबरू नये. सुकलेला दात तसाच दिसतो.

चकाकी कशी टिकवावी

पहिले चोवीस तास, जमल्यास दोन दिवस, कडक चहा, कॉफी, हळदीचा रस्सा, कोकम, पान आणि तंबाखू टाळावी. त्यानंतर काहीही कायमचे सोडण्याची गरज नाही. चहानंतर एक घोट पाण्याने खळखळून चूळ भरण्याची सवय लावली, तर बराच रंग बसण्याआधीच निघून जातो.

घरातल्या काही सवयी मात्र पॉलिशच्या मुळावर येतात, आणि त्यांत पहिला क्रमांक मिश्रीचा लागतो. भाजलेल्या तंबाखूची ही भुकटी एकाच वेळी खरवडतेही आणि रंगवतेही. शिवाय तिचे खरे नुकसान डागाच्या कितीतरी पलीकडचे, कर्करोगापर्यंत जाणारे आहे. भरड दंतमंजन, कोळशाची पावडर, मीठ आणि "दात पांढरे करणारी" जास्त खरवडणारी पेस्ट यांनी डाग आज निघाल्यासारखा वाटतो, परंतु पृष्ठभाग खरखरीत होऊन पुढचा डाग लवकर बसतो. मऊ ब्रश आणि साधी फ्लोराइडची पेस्ट पुरेशी असते. क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश डॉक्टरांनी दिले असेल तर सांगितलेल्या दिवसांपुरतेच वापरावे, कारण ते चहा-कॉफीच्या जोडीने दात आणि सिमेंट दोन्हींवर तपकिरी थर चढवते. तो थर पॉलिशने निघतो.

दात साफ करून घ्यायला जाल तेव्हा सिमेंट कुठे कुठे आहे ते आधी सांगावे. स्केलिंगच्या यंत्राचे धातूचे टोक कॉम्पोझिटवर चरे पाडते आणि खाण्याच्या सोड्याची पावडर हवेच्या झोताने मारण्याची पद्धत त्याचा पृष्ठभाग खडबडीत करते. ग्लायसिनसारख्या मऊ पावडरने हा त्रास बराच कमी होतो. आम्लयुक्त फ्लोराइड जेल काचेचे कण कुरतडते, म्हणून ज्यांच्या तोंडात कॉम्पोझिट आहे त्यांच्यासाठी उदासीन सोडियम फ्लोराइड मागावे.

दात पांढरे करून घेण्याचा विचार असेल, तर क्रम सांभाळावा. पांढरे करणारे जेल दाताचा रंग बदलते, सिमेंटचा रंग दाताइतका बदलत नाही, आणि मग आधी जुळलेले सिमेंट वेगळे उठून दिसू लागते. म्हणून आधी दात पांढरे करावेत, साधारण दोन आठवडे थांबावे आणि मग नव्या रंगाला जुळणारे सिमेंट भरून घ्यावे.

इतर साहित्याविषयी

लहान मुलांच्या दातांत आणि हिरडीजवळच्या खड्ड्यांत वापरले जाणारे ग्लास आयनोमर सिमेंट सुरुवातीच्या तासांत ओलाव्याला आणि कोरडेपणाला फार नाजूक असते. त्यावर वार्निश किंवा पेट्रोलियम जेली लावून ठेवतात आणि नेहमीच्या प्रकारात शेवटचे पॉलिश चोवीस तासांनंतरच करतात. ते कॉम्पोझिटइतके चमकत नाही, हे आधीच मान्य करावे. दाढेत पूर्वी भरलेली चांदी, म्हणजे अमलगम, काळवंडली असेल पण कडा शाबूत असतील, तर पाण्याचा गारवा देत हलक्या हाताने केलेल्या पॉलिशने ती पुन्हा उजळते. तापू दिल्यास पारा पृष्ठभागावर येतो, म्हणून तिथे कोरडे घासणे वर्ज्य आहे.

पॉलिश झालेल्या पुढच्या दाताचा उजेडात एक फोटो काढून ठेवावा आणि वर्षाच्या तपासणीला तो बरोबर न्यावा. रंग किती बदलला याविषयी डोळ्यांची आठवण भरवशाची नसते, आणि डॉक्टरांनाही पुन्हा पॉलिश करायचे की आणखी वर्षभर थांबायचे, हे त्या फोटोवरून ठरवता येते.